उबेची भिंत

गल्लीत सगळे त्यांना भट्टीदादा म्हणतात. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं म्हणे, पण ती पाटी काजळीने कधीच काळी झाली आणि नाव वाचायची गरज कुणाला पडली नाही. आमच्या इमारतीला लागूनच त्यांची बेकरी. मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की खाली त्यांचं अंगण दिसतं. एका कोपऱ्यात लाकडांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात उपडे घातलेले पत्रे, आणि मधून ये-जा करणारे दादा, अर्धे पिठाने पांढरे, अर्धे धुराने काळे. त्यांची बायको, आमच्या भट्टीवहिनी, म्हणायच्या, "ह्यांना आंघोळ घालून काही उपयोग नाही. एक रंग धुतला की खालून दुसरा निघतो."

दादा मुळात कमी बोलणारे. पण भट्टीचा विषय निघाला की चेहरा खुलायचा. ती त्यांच्या वडिलांनी बांधली आणि पेटवली, आणि त्या दिवसापासून ती विझलेली नव्हती. शेवटचा घाणा काढला की तोंडावर लोखंडी झाकण लावायचं, निखाऱ्यांवर राखेची जाड गोधडी ओढायची, आणि पहाटे राख बाजूला सारून त्याच निखाऱ्यांवर नवं लाकूड ठेवायचं. बेकरी बंद असलेल्या दिवशीही निखारे जपले जात. वडील गेले तेव्हा दादा आधी भट्टीत लाकूड सारून आले आणि मग रडायला बसले, असं जुनी माणसं सांगत. त्यांच्या लग्नालाही एक कामगार मागे राहिला होता, विस्तवाला सोबत म्हणून.

वहिनी त्या भट्टीला सवत म्हणत. "माझ्या आधीपासून घरात आहे, माझ्यापेक्षा जास्त खाते, आणि रुसली तर हे जेवत नाहीत. मी रुसले तर ह्यांना कळतसुद्धा नाही." हे त्या दादांच्या समोर म्हणायच्या आणि दादा खाली मान घालून हसायचे. सवतीचं आणि वहिनींचं तसं बरं चाललं होतं. कारण घरातली सगळ्यांत चांगली खोली त्या भट्टीमुळेच होती.

भट्टीच्या मागच्या अंगाला घर. भट्टीचं धुराडं एका जाड विटांच्या भिंतीच्या पोटातून वर छपरापर्यंत जायचं, आणि त्या भिंतीच्या अलीकडे एक लहानशी खोली होती. भिंत बारा महिने कोमट असायची. थंडीच्या दिवसांत तिला पाठ लावून बसलं की उठावंसं वाटत नसे. घरातली माणसं तिला उबेची भिंत म्हणत आणि घरात जे काही जपायचं असेल ते तिच्याशी नेऊन ठेवत. फुगायला ठेवलेली कणकेची परात, ओले बूट, गारठलेलं मांजराचं पिल्लू. दादांची आई म्हातारपणी तिथेच पडून असायची. वहिनी बाळंत झाल्या तेव्हा त्यांची खाट तिथे लागली. लेकीला गोवर आला, तिची खाट तिथे. त्या घरात कोणी नुसतं शिंकलं तरी दादा म्हणत, "जा, भिंतीशी नीज."

लेकीचं घरातलं नाव छकुली. आता ती बापापेक्षा उंच आहे, तरी छकुलीच.

लाकडाचं सांगायला हवं. पूर्वी सरपणाचं लाकूड यायचं, पुढे ते मिळेनासं झालं आणि भंगारातलं येऊ लागलं. शहरात जुनी घरं पाडत होते. त्यांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटांच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे टेम्पो भरून अंगणात ओतले जात. गॅलरीतून मी ते बघत असे. एका दारावर घराचा आकडा अजून ठोकलेला होता. एकावर पेन्सिलीने कुणा मुलाची उंची दरवर्षी खूण करून ठेवलेली. एका कपाटाच्या फळीवर आतून चिकटवलेली फुलांची आणि मोटारींची चित्रं. कामगार त्यावर कुऱ्हाड घालत आणि तुकडे भट्टीत जात. हिरव्या रंगाचं दार असलं की ज्वाळेत मधूनच हिरवी झाक दिसे, आणि त्या दिवशी गल्लीभर घशाला चरचरणारा वास सुटे. कुणाकुणाची घरं त्या धुराड्यातून वर गेली आणि आमच्या नाकातोंडात गेली, देव जाणे.

आम्ही मात्र दोष द्यायचो रस्त्याला. तोही काही साधा नव्हता. पुढच्या चौकात ट्रक इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभे, दुकानांचे जनरेटर, कोपऱ्यावर रोज पेटवला जाणारा कचरा आणि पालापाचोळा. गल्लीत सगळ्यांनाच खोकला होता आणि सगळेच त्याला हवाबदल म्हणत. भट्टीकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनात आलं नाही. सकाळी जिथून गरम पावाचा वास येतो तिथूनच काही वाईट येत असेल असं कसं वाटणार?

मग वहिनींचा खोकला सुरू झाला. तो हवाबदलाचा नव्हता. दोनदा तुटक, आणि मग एक लांब, ओढत नेलेला, जणू काही जड वस्तू फरशीवरून सरकवतंय कोणी. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी औषधं दिली आणि बजावलं की रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा, धूळ आणि धूर आत येऊ देऊ नका. दादांनी ते अक्षरशः पाळलं. वहिनींची खाट उबेच्या भिंतीशी लावली, खिडकी बंद केली आणि फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. मी भेटायला जायची तेव्हा खोली नुकत्याच विझलेल्या चुलीसारखी उबदार असायची. वहिनी भिंतीला पाठ लावून बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "सवतीनंच सांभाळलं बघ शेवटी." त्या तिथेच गेल्या, भिंतीला टेकून.

त्यानंतर दादा त्या खोलीत झोपू लागले. छकुलीचं लग्न झालं होतं, ती दूर होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. एक दिवस अंगणातून वर बघत ते मला म्हणाले, "ताई, ती अजून खोकते."

मला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलंय. मी काहीतरी धीराचं बोलले. ते म्हणाले, "दुपारी या. संध्याकाळच्या पावासाठी लाकूड भरतो तेव्हा."

मी गेले. खोलीत वहिनींचा फोटो भिंतीच्या मधोमध लावला होता. पलीकडे कामगाराने भट्टीत लाकूड फेकल्याचा दणका ऐकू आला. थोडा वेळ काही नाही. मग त्या फोटोतून, खोटं सांगत नाही, फोटोतूनच खोकला आला. दोनदा तुटक, आणि मग एक लांब. मी दाराकडे सरकले. दादा मात्र खाटेवर शांत बसले होते, बायको स्वयंपाकघरात भांडी लावतेय असा चेहरा करून.

"आवाज इथूनच येतो," ते म्हणाले, "म्हणून फोटो इथं लावला."

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझे कान आहेत की रेडिओ. मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. पण दुपारी गॅलरीत कपडे काढताना त्या वेळी माझे हात आपोआप थांबू लागले. खालून, बंद खिडकीतूनही, मला तो ऐकू येई. किंवा ऐकू येतोय असं वाटे. त्यात फरक करणं मी सोडून दिलं.

अशी काही वर्षं गेली. मग छकुलीला मुलगा झाला. जावई लांबच्या कामावर होता, सासरी मदतीला कोणी नव्हतं, म्हणून थंडीच्या सुरुवातीला ती तान्ह्याला घेऊन बापाकडे राहायला आली. दादांचा आनंद बघण्यासारखा होता. खोली झाडली, खाट बदलली, खिडकीच्या फटींतल्या चिंध्या नव्या केल्या. नातवाला भिंतीशी निजवताना म्हणाले, "तुझी आजी आहे इथं. घाबरायचं नाही."

छकुलीने तो खोकला पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातातली दुधाची बाटली पडली. ती मला म्हणाली, "मावशी, मी वेडी होईन इथं." पण बापाच्या तोंडाकडे बघून ती गप्प राहिली. तो आवाज दादांना किती हवा होता हे दिसतच होतं. दुपार झाली की ते हातातलं काम टाकून येऊन बसत.

मूल आलं तेव्हा गुटगुटीत होतं. महिनाभरात त्याची छाती घरघरायला लागली. पिता पिता दमून सोडून द्यायचं, मान टाकून झोपायचं, आणि उठलं की कुरकुरायचं. डॉक्टरबाईंनी तपासलं, विचारलं, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का? नाही. घरात धूर होतो का? ह्यावर दादा जवळजवळ रागावले. "धूर धुराड्यातून वर जातो, बाई. घरात कशाला येईल?" बाईंनी औषध दिलं आणि सांगितलं की असंच राहिलं तर मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल, एवढ्याशा छातीत फार जागा नसते.

छकुली घाबरली होती. मी रोज जाऊन तिचे दोन हात हलके करत होते, म्हणजे बाळाची दुपटी-लंगोट धुऊन देत होते. काही माझ्या गॅलरीत वाळत घालायची, काही तिथेच, उबेच्या भिंतीसमोर दोरी बांधली होती तिथे. आता इतकी वर्षं कपडे धुतल्यावर माणसाला कपड्यावरचा डाग वाचता येतो. माझ्या गॅलरीतल्या दुपट्यांवर रस्त्याची पिवळट धूळ असायची, झटकली की जाणारी, आणि मधूनमधून काळे ठिपके. पण बंद खोलीतली दुपटी एकाच बाजूने करडी व्हायची. भिंतीकडच्या बाजूने. बोट फिरवलं की ते झटकलं जाईना, पसरे. तेलकट काजळी.

खिडकी बंद, फटी बंद, घरात चूल नाही. मग आली कुठून?

मी दोरीपाशी उभी राहून समोर बघितलं. समोर वहिनी होत्या, फोटोतल्या.

दादा भट्टीवर होते. मी छकुलीला हाक मारली आणि दोघींनी मिळून फोटो उतरवला. मागचा पुठ्ठा कोळशासारखा काळा होता. भिंतीवर फोटोच्या चौकटीएवढी जागा काळी, आणि त्या काळ्याच्या मधून उभी एक भेग, वरून खाली, बोट जाईल एवढी रुंद. तेवढ्यात पलीकडे लाकूड पडलं. मी नकळत हात पुढे केला. आत कुठेतरी जाळ उसळला असावा, भेगेतून हवा फुस्सकन बाहेर आली, अडखळली, पुन्हा आली, आणि मग लांबवर घासत गेली. दोनदा तुटक, एक लांब. माझ्या तळहातावर गरम श्वास आला. हात मागे घेतला तर त्यावर काजळीची बारीक साय.

छकुलीने पोराला उचललं आणि ती उघड्या अंगणात जाऊन उभी राहिली. दादा घाम पुसत आले. तिला थंडीत उभी बघून म्हणाले, "अगं, आत जा, भिंतीशी..."

"बाबा, आईला कुठं झोपवलं होतं तुम्ही?"

"म्हणजे? तिथंच."

"आणि खिडकी?"

"बंद. बाईंनीच सांगितलं होतं ना, बाहेरचा धूर नको."

मी त्यांना आत नेलं. फोटो खाटेवर पालथा पडला होता. त्यांनी तो काळा पुठ्ठा पाहिला, भेग पाहिली, माझा हात पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती, ते आयुष्यभर आगीशी राहिलेले. ते अगदी हळू म्हणाले, "मी तिला सगळ्यांत चांगली जागा दिली गं."



त्याच संध्याकाळी बाळ आणि छकुली आमच्याकडे वर राहायला आली. दादांनी गवंड्याला बोलावलं. गवंडी भट्ट्यांच्या कामातला, वयस्कर. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढला. म्हणाला की ही भिंत गरम राहूनच उभी आहे, गरम विटेवर बांधकामाचा मसाला धरत नाही. "विझवा, पूर्ण गार होऊ द्या, मग बघू. पण दादा, तोंडावर सांगतो. गार झाली की आतलं विटांचं काम आवळेल, ठिकठिकाणी तडकेल. ही परत पेटेल असं धरून चालू नका."

दादांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. भट्टी विझवायची नव्हती. मग त्यांनी इतर सगळं केलं. भेगेत ओली माती लिंपली. ती सुकली आणि गळून पडली. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड बंद केलं, टेम्पो परत पाठवला, कुठून तरी कोरडं, साधं लाकूड मिळवलं. घशातली चरचर गेली, हे मी मान्य करते. धूर पातळ झाला. खिडकीच्या चिंध्या काढून टाकल्या. पण झोपायला ते त्याच खोलीत जात राहिले. छकुली रोज वरून ओरडायची की बाबा, निदान बाहेरच्या खोलीत झोपा. ते हो म्हणायचे.

मला कळत होतं. त्या आवाजाचं कारण आता त्यांना ठाऊक होतं, पण म्हणून तो कोणा दुसऱ्याचा झाला नव्हता. भट्टी विझली की वडिलांचा विस्तव जाणार, आणि भिंत गार झाली की वहिनींचा खोकला जाणार. आणि तो तर त्यांच्यापाशी उरलेला एकच आवाज होता.

वर आमच्याकडे बाळाची घरघर कमी झाली. पण गेली नाही. पहाटे भट्टीत लाकूड पडलं की वाढायची. मला वाटायचं, नवं घर, थंडी. छकुली सासरी परत जायचं बोलू लागली. "इथं ठेवून ह्याचं काही झालं तर मी बाबांना माफ करू शकणार नाही. आणि मला तसं व्हायला नकोय," ती मला म्हणाली. बापाला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

एका सकाळी मी दादांना वर चहाला बोलावलं. इतक्या वर्षांच्या शेजारात ते आमच्या मागच्या गॅलरीत कधी आलेच नव्हते. त्यांचं सगळं आयुष्य भट्टीच्या तोंडापाशी गेलं, मान खाली, नजर निखाऱ्यांवर. नातवाला मांडीवर घेऊन ते गॅलरीत बसले. थंडी होती, वारा नव्हता. आमची इमारत मागे कधीतरी दोन मजले वाढली होती, धुराडं होतं तेवढंच राहिलं होतं. त्याचं टोक आमच्या कठड्याच्या जरासं खाली येतं.

दादा धुराडं वरून बघत होते. पहिल्यांदा. धूर बाहेर आला, हातभर वर गेला आणि थकल्यासारखा वाकला. वर जाईना. छपरावर रेंगाळला, आणि मग सावकाश, घरातलाच असल्यासारखा, आमच्या गॅलरीत आला. दादांनी बाळाच्या तोंडावरून तो हाताने बाजूला सारला, माशी हाकलावी तसा. तो पुन्हा आला. त्यांनी पुन्हा सारला. मग त्यांनी बाळाचं तोंड आपल्या सदऱ्यात लपवलं, आणि सदऱ्यालाही तोच वास होता, म्हणून ते उठून उभे राहिले.

"छकुली," त्यांनी हाक मारली, "ह्याला आत घे."

चहा तसाच राहिला. जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "मी सगळ्यांना सांगत आलो, वर जातो म्हणून."

त्या दिवशी संध्याकाळचा घाणा निघाल्यावर त्यांनी कामगारांना सांगितलं की आता लाकूड टाकायचं नाही. राखही ओढायची नाही. एक जुना कामगार रडला. दादांनी त्याला उलट समजावलं की विजेवरची भट्टी येईल, हात आपलेच लागणार आहेत, कणीक काही आपोआप मळली जात नाही ना. मग ते तोंडापाशी स्टूल घेऊन बसले आणि निखाऱ्यांवर करडा पापुद्रा चढताना बघत राहिले. मी वरून बघत होते. कुणी पाणी ओतलं नाही. एवढ्या जुन्या विस्तवावर पाणी ओतायला कुणाचा हात धजणार?

निखारे लवकर गेले, पण भिंत नाही. इतक्या वर्षांची ऊब एका दिवसात कुठे जाते? धूर बंद झाल्यावर दादा खिडकी सताड उघडी टाकून दिवसभर त्या खोलीत बसायचे, तळहात भिंतीवर ठेवून. आणि भिंत खोकत होती. आत गार हवा आणि गरम विटा यांचं काहीतरी चालू होतं. लाकूड नव्हतं, तरी दुपार कलायला लागली की खोकला यायचा, आधीपेक्षा हळू. मी खाली जेवण घेऊन जायची तेव्हा ते बोट ओठांवर ठेवून मला थांबवायचे. पुढे लांब खोकला नाहीसा झाला, तुटक तेवढे राहिले. मग एकच. मधूनमधून भिंतीच्या पोटात विटा करकरायच्या, हाडं मोडावीत तशा. छकुली दाराशी यायची, बापाची पाठ बघायची आणि परत जायची. ह्या सगळ्यातून ते एकदा गेलेले होते. तेव्हाही असाच हात ठेवून बसले होते.

एका दुपारी मी गॅलरीत दुपटी काढत होते. हात थांबले. मी वाट बघितली. अंगणात दादा बाहेर आले, वर बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "आज आलाच नाही."

मी खाली गेले. भिंतीला हात लावला. ती इतर भिंतींसारखीच होती, गार.

विजेवरची भट्टी आली. पावाची चव बदलली म्हणून गल्लीने नाकं मुरडली आणि तोच पाव घेत राहिली. गवंडी म्हणाला होता तसंच झालं, जुन्या भट्टीचं काम जागोजागी तडकलं. तिचं तोंड बुजवून टाकलं. बाळाची छाती मोकळी झाली. एकदम नाही, थंडी सरेपर्यंत वेळ गेला, आणि डॉक्टरबाई अजून दर महिन्याला कान लावून ऐकतात. माझ्या गॅलरीतल्या पांढऱ्या कपड्यांवर आता काळे ठिपके पडत नाहीत. पिवळट धूळ आहेच, चौकातले ट्रक काही कुठे गेलेले नाहीत. पण दादांना आता दुसराच नाद लागलाय. कोपऱ्यावर कुणी पालापाचोळा पेटवला की बादली घेऊन धावतात, ट्रकच्या खिडकीवर थापा मारून इंजिन बंद करायला लावतात. झाडणाऱ्या बाईला त्यांनी आपल्या अंगणात पाला कुजवायला खड्डा करून दिला, लाकडाचा ढीग असायचा त्या जागी. लोक हसतात, स्वतःची विझवली, आता गावाची विझवत फिरतोय म्हणतात. ते ऐकून घेतात.

छकुली जायच्या आधी तिने फोटोला नवा पुठ्ठा लावला आणि भिंतीवर लावायला खिळा शोधू लागली. भेग बुजवून, रंग देऊन झाला होता. दादा म्हणाले, "तिथं नको. खूप झालं तिथं." त्यांनी फोटो बाहेरच्या खोलीत, उघड्या खिडकीसमोर लावला. मग खाटेच्या कडेवर बसून राहिले.

"इतके दिवस मला माहीत होतं, ती घरात कुठं आहे ते," ते म्हणाले. "आता सगळीकडे बघावं लागतं."

दुपार कलली की मी अजून गॅलरीत असते. कपडे काढता काढता हात थांबतात. खाली अंगणात दादाही असतात, पत्रे पुसत, आणि त्यांचाही हात थांबलेला असतो. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. काहीच येत नाही. मग ते पत्रा पालथा घालतात आणि मी पुढचा चिमटा काढते.